कापसाच्या खोलीतला पंखा

यंदाचा कापूस घरात यायला लागला. पुढच्या खोलीतली बाज बाहेर निघाली, आरशावर आईनं जुनी साडी टाकली, आणि कोपऱ्यातून सुरुवात करून भिंतीला टेकत टेकत पांढरा ढीग खिडकीपर्यंत चढला. आता दोन-तीन महिने पाहुण्यानं ओसरीतच बसायचं. चहात तंतू, केसांत तंतू, भाकरीच्या पिठात तंतू. पायाखाली वाळक्या पानांचा चुरा करकरतो. दुपारी पत्रे तापले की कापसाला एक कोमट वास सुटतो, थोडा सरकीच्या तेलासारखा, थोडा उन्हात वाळत घातलेल्या गादीसारखा.

आणि खोली गप्प होते. कापूस नसलेल्या दिवसांत तिथं भांडं पडलं तर भिंती त्याची चार वेळा चौकशी करतात. कापूस भरला की हाक मारा, टाळी वाजवा, काहीच परत येत नाही. मला ही खोली वर्षभरात याच दिवसांत सगळ्यात जास्त आवडते, कारण आवाजाशी माझं जुनं भांडण आहे.

हसनाबादच्या आठवडी बाजारात डीजेविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी म्हणजे मी. पहिल्या पत्रकाचं नाव होतं ‘तुमचा आनंद आमच्या छातीवर का?’ दुसऱ्याचं ‘आवाज ही कुणाची जहागीर नाही’. दोन्ही पत्रकं मला भज्यांखाली घातलेली परत मिळाली आहेत, त्यामुळे ती लोकांपर्यंत पोचली नाहीत असं कुणी म्हणू नये. वरातीत छाती थरथरते, म्हाताऱ्यांना आपल्याच गल्लीत राहणं नको होतं, आणि विचारायला गेलं की ‘एकच दिवस तर आहे’ म्हणतात. लग्नसराईत रोजच कुणाचा तरी एकच दिवस असतो. हे मी लिहिलं, छापलं, चौकात उभं राहून वाचलं. ते खरं आहे आणि मी ते पुन्हा लिहीन.

फक्त गेल्या वर्षी, याच हंगामात, मला कळलं की जिल्ह्यातला एक भयंकर आवाज माझाच होता.

माझ्याकडे हौशी रेडिओचं लायसन आहे. परीक्षा देऊन मिळवलेलं. घराच्या कोपऱ्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत तार ताणलेली आहे, तीच माझी अँटेना. खालच्या सेटवर बटण दाबून बोललं की आवाज त्या तारेवरून निघतो आणि पन्नास, शंभर, कधी हजार किलोमीटरवरचा कुणीतरी तो ऐकतो. मधे कंपनी नाही, टॉवर नाही. ‘मोबाईल असताना हे कशाला’ असं गावात प्रत्येकानं एकदा तरी विचारून घेतलं आहे. मी म्हणते, दुकान असताना तुम्ही परसात मिरची कशाला लावता.

सेट जुना. जालन्यात एकाकडून घेतलेला, शंभर वॅटचा. बोलायला लागलं की तो आतून तापतो, म्हणून त्याच्या पाठीला हाताच्या तळव्याएवढा पंखा. बटण दाबलं की पंखा सुरू, सोडलं की थोड्या वेळानं बंद. सेट ठेवला होता कापसाच्या खोलीत, आईच्या पत्र्याच्या पेटीवर, कारण तार त्याच खिडकीतून आत येते. माझ्या कानाला हेडफोन, खोलीत छातीएवढा कापूस. मला कसला पंखा ऐकू येणार. वर मी माईक पूर्ण उघडून ठेवलेला, आणि आवाज फुगवायचं एक बटण असतं तेही दाबलेलं. माझं म्हणणं पोचलंच पाहिजे, हा माझा स्वभाव.

सकाळी सात वाजता आमची बैठक भरते, हवेतली. जालन्याचे अन्वरभाई ती चालवतात. त्यांचं मोटारी आणि पंखे रिवाइंडिंग करायचं दुकान आहे आणि त्यांच्याएवढा गोड माणूस मी पाहिला नाही. ते हजेरी घेतात, एकेक जण बोलतो, आणि बाकीचे त्याला सांगतात की तो कसा ऐकू आला. याचे दोन आकडे असतात. पहिला, शब्द किती समजले, पाचपैकी. दुसरा, आवाजाचा जोर किती, नऊपैकी. सगळं उत्तम असेल तर पाच-नऊ.

तर आमच्याकडे सगळ्यांनाच पाच-नऊ. कुणाची तार तुटून चिंचेत लटकत असेल, कुणी बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येत असेल, तरी पाच-नऊ. रामराम घातल्यावर रामराम म्हणतात तसं. मला तर दोन-दोनदा. ‘ताई, एकदम पाच-नऊ, क्या बात है.’ मी खूश. हिवाळ्याची कोवळी सकाळ, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगतायत, बाहेर बाया वेचणीला निघाल्यात, त्यांच्या बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज रस्त्यानं लांब जातोय, आणि मी सगळ्या मराठवाड्याला पाच-नऊ ऐकू जातेय. माणसाला आणखी काय पाहिजे.

या बैठकीतले सगळ्यात जुने म्हणजे अंबडचे मदनकाका. राजस्थानातून कधीकाळी आलेल्या व्यापारी घरातले, पण दुकानात बसले नाहीत. आयुष्यभर कोर्टात स्टेनो. साक्षीदार पुटपुटो, वकील ओरडो, ह्यांनी ते लघुलिपीत उतरवायचं. कानावर भाकरी खाल्लेला माणूस. आधी ते मला म्हणायचे, ‘बेटा, पुन्हा एकदा सांग.’ मी पुन्हा सांगायची, आणखी मोठ्यानं. मग त्यांनी विचारणं सोडलं. मग नुसतं ‘हो, बराबर’ म्हणायला लागले. मग एका आठवड्यात दोनदा गैरहजर.

आणि त्या गुरुवारी अन्वरभाईंनी सांगितलं, ‘मदनकाका रविवारनंतर येणार न्हाईत. कान गेले म्हणतात. रविवारी बैठक झाली की शिडी लावून अँटेना उतरवणार, सेट कुठल्या तरी शाळेला देऊन टाकणार.’

हवेत नुसती खरखर. रेडिओवरची शांतता अशी असते, की माणसं तिथंच असतात आणि दिसत नाहीत.

माझं डोकं कुठं गेलं असेल? तिसऱ्या पत्रकाकडे. अंबडच्या बाजारपेठेत राहणारा माणूस, दारावरून वराती, मिरवणुका, कर्णे. ह्या लोकांनी एका स्टेनोचे कान खाल्ले. मला नावागावासकट साक्षीदार मिळाला होता. शुक्रवारी सकाळी वही घेऊन मी एसटीत बसले. भोकरदन, जालना, अंबड. रस्ताभर मनात मजकूर तयार. ‘ज्यांच्या लेखणीनं न्याय लिहिला, त्यांच्या कानांवर अन्याय का?’ असलं मला पटकन सुचतं.

काकांची खोली वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला. बाजाराचा आवाज तिथं येतच नव्हता. माझ्या पत्रकाला तिथंच पहिला तडा गेला. स्वच्छ खोली, खुर्चीवर दुमडलेली शाल, टेबलावर सेट झाकायला क्रोशाचा रुमाल. काका ताजी दाढी केलेले.

‘कुठं निघाला होतात का?’ मी विचारलं.

‘न्हाई. रोज करतो, सातच्या आधी. तिथं कुणी बघत न्हाई, पण सभेत जायचं तर तोंड नीट पाहिजे.’ ते हसले. ‘आता काय, दाढीचीबी सुट्टी.’

ते चहा-कचोरी सांगायला आत गेले, तेवढ्यात आईचा फोन आला. मी खिडकीशी जाऊन अगदी हळू म्हणाले, ‘आई, ते कचोरी मागवून राह्यलेत. मी काही खाणार न्हाई.’

आतल्या खोलीतून आवाज आला, ‘खाल्ल्याबिगर जाऊ देणार न्हाई म्हणून सांग आईला.’

मी फोन बंद केला. ते बाहेर आले तेव्हा म्हटलं, ‘काका, तुम्हाला तर ऐकू येतंय.’

‘समोरचं येतं. थोडं कमी झालंय, वय झालं. पण रेडिओवरचं गेलं.’ त्यांनी सेटवरचा रुमाल सरळ केला. ‘खरं सांगू? तुझं गेलं. तू बोलायला लागली की माझे कान वाजायला लागतात. आधी गूंऽऽ, मंग त्याच्यामागं कुठंतरी तू. डॉक्टरला सांगितलं, एक पोरगी बोलली की कान वाजतात. तो म्हणे, काका, ह्या वयात?’

‘आणि बाकीचे?’

‘बाकीचे येतात. पण सगळे तुला पाच-नऊ देतात ना. अख्ख्या मराठवाड्याला जी बराबर ऐकू येते ती मला एकट्याला येत न्हाई, मंग खोट कुणात? कोर्टात नऊ साक्षीदार एक सांगतात आन दहावा भलतंच, तर आपण दहाव्याकडं कसं बघतो?’

त्यांनी वह्या काढल्या. रोजची बैठक ते लघुलिपीत उतरवून ठेवत, सवय म्हणून. पानांवर बारीक वळणं, आकडे, टिंबं, ओळीमागून ओळ, कुठं खाडाखोड नाही. प्रत्येकाच्या नावासमोर भरलेल्या ओळी. माझ्या नावासमोर दोन वळणं, मग मोठी मोकळी जागा, मग एक वळण. पुढच्या पानावर तसंच. पानं उलटत गेले तशा जागा मोठ्या होत गेल्या. मी कापसावर बोलले होते, डीजेवर, ग्रामसभेवर. सगळं पांढरं.

‘रेकॉर्डबी करून ठेवलंय, परत परत ऐकायला,’ ते म्हणाले आणि मोबाईल पुढं केला.

पिठाच्या गिरणीत उभं राहून कुणीतरी भाषण करत होतं. मधेच ‘ध्वनी’ आणि मधेच ‘प्रदूषण’ एवढं समजलं. ती गिरणी म्हणजे माझ्या सेटच्या पाठीचा पंखा.

मला त्या क्षणी वाईट वाटलं असं लिहायला पाहिजे. नाही वाटलं. आधी मला भयंकर राग आला, आणि नेमका कुणाचा ते कळायला बस जालन्याच्या अलीकडं यावी लागली. पण निघताना मी काकांना सांगितलं होतं, की खोट तुमच्या कानात नाही, माझ्या सेटचा पंखा आहे तो. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘चांगली पोरगी आहेस. माझ्यासाठी खोटं बोलून राह्यली.’ त्यांना पटलंच नाही. नऊ साक्षीदारांपुढं मी दहावी झाले होते.

रविवारला दोन दिवस होते.

घरी आले ती तणतणत, आणि गाढवपणा केला. जालन्यात उतरून अन्वरभाईंना विचारायचं सोडून मी सरळ घर गाठलं होतं, कारण त्यांच्यावरही राग होता. पंखा सुरू करून हेडफोन काढून पहिल्यांदा नीट ऐकला. मग विचार केला, कापूस आवाज खातो. खोली भरून कापूस आहे. मी दोन ओंजळी कापूस सेटच्या दोन्ही बाजूंना लावला, दोन पाठीमागं, जाळीवरसुद्धा, बाळाला गुंडाळतात तसा सेट गुंडाळला. बटण दाबून बोलायला लागले. काय शांतता. मी स्वतःवर इतकी खूश झाले की पाच मिनिटं नुसती आकडे म्हणत बसले. सहाव्या मिनिटाला सेट आपोआप बंद पडला आणि खोलीत इस्त्रीसारखा वास आला.

आई दारात. ‘काय करून राह्यली?’

‘आवाज कमी करतेय.’

‘कापसाच्या ढिगात विस्तव ठेवून? डोकं बराबर आहे का तुझं? सहा महिन्यांचं रान आहे हे.’ तिनं सगळा कापूस दोन हातांनी ओरबाडून काढला, सेटला हात लावला, चटका बसला, आणि मग तिनं मला डीजेवाल्यांनीही कधी ऐकवलं नसेल ते ऐकवलं. तिचं बरोबर होतं. पंख्याचं तोंड दाबलं की आवाज जातो, आणि ज्यासाठी पंखा आहे तेही जातं. शिवाय कापसाशेजारी तापणारी वस्तू ठेवणं हाच गुन्हा होता, तो मी महिनाभर करत होते.

शनिवारी सकाळी सेट पिशवीत घालून अन्वरभाईंचं दुकान. तांब्याच्या तारेची वेटोळी, वॉर्निशचा वास, भिंतीवर टांगलेले बिनपात्यांचे पंखे. मी नमस्कार न करताच विचारलं, ‘भाई, माझा पंखा वाजतो हे तुम्हाला कधी कळलं?’

‘पहिल्या दिवशी,’ ते शांतपणे म्हणाले. ‘दांडा ज्यात फिरतो तो बुश तेलाशिवाय सुकलेला आहे आणि जाळीत कचरा आहे. पंख्याचा धंदा है अपना, ताई.’

‘मग सांगितलं का न्हाई?’

‘सुबे सुबे किसका दिल कायकू तोडना. आणि बैठकीत एक तर मुलगी. सगळे म्हणले, नाराज नको करायला.’

‘भाई, मुलगी आहे म्हणून खरं नाही सांगितलंत?’

‘आणि पत्रकवाली आहे म्हणून पण. उद्या आमच्यावरच काढाल.’

मी त्यांना काकांच्या वहीतल्या मोकळ्या जागांबद्दल सांगितलं. नऊ साक्षीदारांचं सांगितलं. अन्वरभाईंच्या हातातला पेचकस थांबला. ‘मैं समझा, इज्जत दे रहा हूँ,’ एवढंच म्हणाले आणि सेट उघडला.

आतून जे निघालं ते बघून मला हसू आलं. ज्या फटींतून गरम हवा बाहेर पडते त्या सगळ्या कापसाच्या तंतूंनी विणून बंद झालेल्या, छोटीशी गोधडीच. हवा मिळेना म्हणून सेट जास्त तापे, जास्त तापला की पंखा जास्त जोरात पळे, जास्त पळाला की आणखी तंतू ओढी. अन्वरभाईंनी रंगाच्या ब्रशनं फटी साफ केल्या. मग म्हणाले, लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवायचा, हवा तेवढीच, आवाज निम्म्याहून कमी. जुन्या कॉम्प्युटरचा मोठा पंखा त्यांनी बाहेरून बसवला, बारा व्होल्टचा, पण त्याला आठच व्होल्ट मिळतील असं केलं. पंखा आणि सेट यांच्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे, स्क्रू पत्र्याला थेट लागू नये म्हणून. पात्यासमोरची बारीक जाळी शिट्टी वाजवते म्हणून ती काढून रुंद तारेची लावली. ‘आणि ताई, वॅट कमी करा. अंबडला जायला शंभर वॅट? चाळीस खूप झाले. माईक जवळ घ्या, ते आवाज फुगवायचं बटण बंद करा, हळू बोला.’

हळू बोला. मला हे आयुष्यात खूप जणांनी सांगितलं आहे, पण कारणासकट पहिल्यांदाच.

संध्याकाळी घरी आणून पुन्हा आईच्या पेटीवर लावला तरी एक गुणगुण उरलीच. मी सेट उचलून कान लावला, गुणगुण नाही. ठेवला, गुणगुण. पुन्हा उचलला. मी तार बघतेय, पेच बघतेय. आई ज्वारी निवडता निवडता म्हणाली, ‘अगं, पेटी वाजून राह्यली.’ खरंच पेटी. रिकाम्या पत्र्याचा ढोल झाला होता. आईनं सेट स्वयंपाकघराच्या भिंतीशी, लाकडी पाटावर हलवायला लावला, कापसापासून लांब, आणि पाटाखाली दुहेरी घडीचं पोतं घातलं. तार तिथवर पुरवली. मग आम्ही दोघी गप्प बसून ऐकत राहिलो. चुलीतली काडी फुटलेली ऐकू आली.

रविवार. सातला पाच कमी. अन्वरभाईंनी हजेरी घेतली. अंबडचं नाव आलं तेव्हा काकांचा आवाज आला, नीट, औपचारिक, कोर्टातल्यासारखा. ‘हजर. आज शेवटचा. शिडी येऊन ठेपलीय. सगळ्यांना नमस्कार.’

माझी पाळी. मी माईक ओठांजवळ धरला. भाषण लिहून ठेवलं होतं, ते वाचलं नाही. म्हटलं, ‘काका, वही घ्या. मी काय बोलते ते उतरवा. काल दिवसभर माझ्या सेटचा पंखा दुरुस्त केला. त्याच्या पोटातून मुठीएवढा कापूस निघाला. महिनाभर तुमचे कान जे वाजले ते त्यानं. इथं सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मला चांगलं वाटावं म्हणून खोटं सांगत होते. आज कुणी पाच-नऊ म्हणायचं न्हाई. फक्त मदनकाका सांगतील.’

बटण सोडलं. खरखर. अन्वरभाई सवयीनं ‘पाच–’ म्हणाले आणि थांबले. कुणीतरी हसलं. मग पुन्हा खरखर, इतकी लांब की आई हातात पळी घेऊन दारात येऊन उभी राहिली.

‘वाचतो,’ काका म्हणाले.

आणि त्यांनी वाचलं. पहिल्या शब्दापासून, माझ्याच वाक्यांत, माझ्याच क्रमानं, ‘मुठीएवढा’ सुद्धा, कोर्टात साक्ष वाचून दाखवतात तशा एका सुरात. शेवटी म्हणाले, ‘“फक्त मदनकाका सांगतील” याच्यानंतर मागून एका बाईचा आवाज, “दूध उतू चाललंय.” ते कुणाचं?’

तसं म्हणून आई ऐकण्याच्या नादात विसरूनच गेली होती; तिनं पळी टाकून चूल गाठली. दूध खरंच गेलं होतं.

‘रिपोर्ट सांगतो,’ काकांचा आवाज आता कोर्टातला नव्हता. ‘पाच-सहा. जोर कमी झालाय, बेटा. पण शब्द सगळे आले.’

मी तो आकडा पत्रकाच्या वहीत लिहून घेतला.

‘आता थांबलोच आहे तर बाकीच्यांचे पण देऊन टाकतो,’ काका म्हणाले. वही उलटल्याचा आवाज आला. ‘अन्वर, तुझा माईक गेली दोन वर्षं रांजणात पडल्यावानी येतो. तीन-आठ. मी म्हणलं न्हाई, तुला वाईट वाटंल म्हणून.’

‘काका,’ अन्वरभाई म्हणाले, ‘दुकानातल्या ह्या रांजणाचं मैं क्या करू, जरा सांगा ना.’

काका सांगायला लागले. एकेकाला, नावानिशी. बैठक नऊपर्यंत चालली, आणि मधे कधीतरी त्यांनी खिडकीतून खाली ओरडून शिडीवाल्याला चहा पिऊन जायला सांगितलं. तेही आम्हाला स्वच्छ ऐकू आलं.